आतला आवाज आणि बाहेरची फाईल

कलिंगडावर टिचकी न मारता ते विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. टिचकी मारायची, कान किंचित तिरका करायचा, तंबोरा जुळवताना गवई आणतो तसा भाव चेहऱ्यावर आणायचा आणि म्हणायचं, "हे नको, ते द्या." ते याच्यापेक्षा नेमकं कशानं बरं, हे कुणी विचारत नाही. विचारू नये असा संकेतच आहे. मी स्वतः चाळीस वर्षं टिचक्या मारतो आहे. मला सगळ्या कलिंगडांतून 'टप्' असा एकच आवाज येतो. पण टिचकी न मारता घेतलं तर गाडीवाला आपल्याला काय समजेल, ही धास्ती असतेच.

गाडीवाला मात्र आपली ही मैफल शांतपणे ऐकून घेतो, ढिगातलं एक कलिंगड उचलतो, त्यावर एकच टिचकी मारतो आणि म्हणतो, "हे न्या काका." ते लालभडक निघतं. दुसऱ्या दिवशी "तुला कसं रे कळलं?" म्हणून विचारावं, तर तो म्हणतो, "कळतं."

या 'कळतं'वर जगातला निम्मा व्यापार चालतो. उरलेला निम्मा फायलींवर चालतो. दोहोंपैकी खरं कुणाचं धरावं, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यापासून पडलेला आहे. निवृत्त माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो आणि निर्णय घ्यायला काहीच नसतं. असल्या प्रश्नाला याहून सोयीचं घर मिळायचं नाही.

मोठ्या व्यापाऱ्यांना 'कळतं' हा शब्द फार साधा वाटतो. ते 'आतला आवाज' म्हणतात. सत्कारसमारंभात खांद्यावरची शाल सावरीत ते सांगतात, "हिशेब नको म्हणत होता, मित्र नको म्हणत होते, बायको तर नकोच म्हणत होती; पण आतून आवाज आला." टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेत बसून विचार करतो, की हाच आवाज ऐकून ज्यांची दुकानं बसली त्यांचा सत्कार कुठल्या हॉलमध्ये असतो? त्यांना तर तो कदाचित याहून मोठ्याने आला असेल. पण बुडालेल्याच्या खांद्यावर कुणी शाल घालत नाही; हात ठेवतात आणि "आम्ही सांगत होतो" म्हणतात.

लिज्जत पापडाचंच पाहा ना. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, आणि तेही छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून उसने आणलेले. पुढे त्या पापडाने काय केलं ते आपण जेवताना कुर्रकन ऐकतोच. त्याच्या आदल्या वर्षी एखाद्या शहाण्या माणसाने या धंद्याचा अहवाल केला असता, तर पहिल्याच पानावर लिहिलं असतं : पापड घरोघरी फुकट लाटला जातो, सबब मागणी शून्य. पारेखांनी, लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत, अहवाल मागवला नाही. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पण त्याच छगनबाप्पांनी त्या बायकांना हिशेब चोख ठेवायला लावलं, हा गोष्टीचा पुढचा भाग आहे. म्हणजे ८० रुपये विश्वासाने दिले आणि टिकवले ते चोपडीने. भाषणात विश्वास तेवढा उरतो, चोपडी गळते.

आणि आवाज भला असला म्हणजे तो खरा ठरतोच असंही नाही. स्कूटरवर नवरा, मागे बायको, मध्ये एक पोर, पुढे उभं दुसरं आणि वरून पाऊस, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पुष्कळांनी लहानपणी त्यातली पुढे उभं राहण्याची भूमिकाही केली आहे. ते पाहून रतन टाटांच्या मनात लाखाची मोटार आली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो उभी राहिली, तेव्हा उद्योगधंद्यात याहून सज्जन कल्पना कुणाला सुचली नसेल असंच वाटलं. पण गिऱ्हाइकालाही आतला आवाज असतो, आणि त्याच्या आतून शेजारी बोलत असतो. 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत शिरायचं, आणि ते कुणी पाहिलं तर? दहाएक वर्षांत नॅनो संपली.

मी बँकेत होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येतं. एका तालुक्याच्या गावी आम्हांला एक साहेब होते. समोरचा माणूस कर्ज फेडील की नाही हे त्यांना पाहताक्षणी कळत असे. ते चपलांकडे पाहत. टाच झिजलेली असली तर "माणूस पायाने फिरणारा आहे, वसुली होईल." चवडा झिजलेला असला तर "हा पळणारा दिसतो." चप्पल कोरी असली तर "आपल्याच पैशांच्या आशेवर घेतलेली आहे." बूट घालून आलेल्या माणसाला मात्र ते खुर्ची देत. बुटाची टाच कुणी पाहत नसावं.

साहेबांचं कळून झालं की फाईल आमच्या टेबलावर येई. निर्णय झालेलाच असे. कारणं तेवढी आम्ही पुरवायची. मंजुरी असली तर 'अर्जदार होतकरू आहे', नामंजुरी असली तर 'अर्जदार नवखा आहे'. माणूस तोच.

यावरून कुणी बँकेला हसू नये. आपल्याकडची लग्नं याच पद्धतीने जमत आलेली आहेत. मुलगी पसंत पडली की अठरा गुणांवर गुरुजींचं समाधान होतं. नाही पडली की तीस गुण जुळूनही एकनाड आडवी येते. परदेशातही निराळं काही नाही. चार्ल्स डार्विनने १८३८ साली लग्न करावं की करू नये, याच्या दोन याद्या कागदावर मांडल्या होत्या. करू नये या बाजूला वेळेचा नाश, पुस्तकांना पैसे कमी पडणं, असले चांगले भक्कम मुद्दे होते. करावं या बाजूला, कुत्र्यापेक्षा बायकोची सोबत बरी, इथवर मजल गेली होती. बेरीज कुठल्या बाजूला जास्त झाली कोण जाणे. पण तळाशी त्याने 'लग्न' हा शब्द तीनदा लिहिला, भूमितीतल्या सिद्धान्ताखाली लिहितात तसं 'सिद्ध झालं' म्हणून टाकलं, आणि पुढच्या जानेवारीत मामाच्या मुलीशी लग्न लावलं. निदान हा शेवटचा भाग तरी आपल्याला अगदी घरचा वाटावा.

डॅनिअल कानमन हे मानसशास्त्रज्ञ. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी मनाच्या दोन चाली सांगितल्या आहेत. एक झटपट चालणारी, न विचारता उत्तर आणून देणारी. दुसरी सावकाश, हिशेबी. पण स्वभावाने आळशी. पहिलीने आणलेल्या कागदावर ही बहुधा न वाचताच सही करते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ आमच्या शाखेत येऊन गेले असावेत. याच मंडळींमुळे प्रसिद्धीला आलेलं एक कोडं आहे : बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडू केवढ्याचा? तुम्ही आत्ता मनात 'दहा' म्हणालात. पाच. हवं तर मांडून पाहा. मी हे कोडं आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला घातलं. तो म्हणाला, "रोख की उधार?"

आता हे कानमन आतल्या आवाजाबद्दल संशयी. गॅरी क्लाइन म्हणून दुसरे एक मानसशास्त्रज्ञ. आगीच्या बंबावरच्या माणसांचा अभ्यास करून ते त्या आवाजाचे मोठे चाहते झालेले. जळत्या घरात शिरलेला जाणता बंबवाला दोन याद्या करीत बसत नाही. दोघे वर्षानुवर्षं वाद घालत राहिले आणि २००९ साली एकमताचा लेख लिहून मोकळे झाले. विद्वानांच्या बाबतीत ही गोष्ट एवढी विरळा, की मला लेखापेक्षा तिचंच कौतुक वाटलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आवाजावर जरूर भरवसा ठेवा, पण तो किती ठाम आहे हे पाहू नका. ज्या गोष्टीविषयी तो बोलतो, तिला काही रीत आहे का ते पाहा. आणि बोलणाऱ्याला आपण चुकलो की बरोबर आलो, हे पुन्हापुन्हा आणि लगोलग कळत गेलं आहे का ते पाहा. गाडीवाला दिवसाला शेकड्याने टिचक्या मारतो, आणि त्यातली कितीतरी कलिंगडं त्याच्यासमोरच चिरली जातात. फिकं निघालं तर गिऱ्हाईक ते तिथंच त्याच्या तोंडावर मारतं. इतकं नियमित शिक्षण आमच्या शाळेतही नव्हतं.

या अटी तपासायच्या, तर नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या कांदाबाजारात जावं. ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो. कुणी ढिगात हात खुपसून चार कांदे वर काढतो, दाबतो, पत्ती पाहतो. बोली सुरू होते, चढते, तुटते, आणि कपातला चहा गार व्हायच्या आत घोळका पुढच्या ट्रॉलीवर. तेवढ्या वेळात आम्ही बँकेत अर्जावरची तारीख तपासून होत नसे. एका शेतकऱ्याच्या हंगामाची किंमत अशी उभ्या उभ्या ठरते, याचा आधी मला रागच आला. पण बोली उघड असते, शेजारी दुसरा व्यापारी तोच कांदा दाबत उभा असतो, आणि चुकलेला माणूस त्याच दिवशी शिकतो. खळ्यावर माल ओतला, की तळाचा ओला कांदा आणि आतला बारीक माल आपण होऊन बोलायला लागतात. असे हजारो ढीग झाले म्हणजे हाताला डोळे फुटतात.

आता तोच व्यापारी, तोच हात आणि तोच कांदा. फक्त प्रश्न बदला : उन्हाळी कांदा आत्ता विकावा, की साठवून दिवाळीची वाट पाहावी? त्याला आतून याचंही उत्तर येतं, आणि तितकंच खणखणीत येतं. पण हा भाव कांद्याच्या पोटात नसतो, दिल्लीत असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसला. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली. यातलं काहीही कांदा दाबून कळण्यासारखं नव्हतं. आणि चाळीत कांदा भरून, रोज सकाळी त्याचा वास घेत बसलेल्या शेतकऱ्याला तर वर्षातून एकदाच शिकायला मिळतं, तेही घरचं सोनं गहाण टाकून. अडचण अशी, की आवाज दोन्ही वेळा सारखाच लागतो. चुकीचं सांगताना तो काही घोगरा होत नाही.

मग फाईल बरी म्हणावं, तर तिचेही गुण मला ठाऊक आहेत. १९८५ साली कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलायचं ठरवलं. उगाच नव्हे, सुमारे दोन लाख लोकांना घोट घोट पाजून, कुठला घोट आवडला ते लिहून घेऊन. एवढी मोठी फाईल पेयांच्या इतिहासात झाली नसेल. एप्रिलमध्ये नवा कोका-कोला आला, लोक खवळले, आणि ७९ दिवसांत जुना परत आणावा लागला. ते दोन लाख लोक खोटं बोलले नव्हते. घोट कसा लागतो एवढंच त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं. तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधून खानावळीतली आमटी आणि आईच्या हातची आमटी पाजली, तर तुम्हीही कदाचित खानावळीला मत द्याल. त्यावरून कुणी आई बदलायला निघालं तर?

फाईल विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. शिवाय ती निर्णय लांबवायच्या कामी येते, हा तिचा दुसरा उपयोग. आमच्याकडे एक फाईल इतकी वर्षं फिरली, की अर्जदार कुक्कुटपालनासाठी कर्ज मागत होता हे विसरून शेवटी कुणीतरी त्यावर 'पिल्लांचं वय काय?' असा शेरा मारला. पिल्लं अजून कर्जातून यायची होती.

हे सगळं हसण्यावारी न्यायला माझी हरकत नव्हती. पण त्या चपलावाल्या साहेबांच्याच वेळची एक गोष्ट मधूनमधून आठवते.

एक बाई मिरची कांडपाचं यंत्र घ्यायला कर्ज मागायला आल्या. चाळिशीच्या असतील. कागद एवढे नीट लावलेले, की आम्हीच दचकलो. यंत्राचं दरपत्रक होतं, ग्रामपंचायतीचा दाखला होता, विजेच्या मीटरचा कागद होता, दोन जामीन होते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत किती किलो मिरची येईल आणि उरलेले नऊ महिने हळद-मसाला किती, याचा वहीच्या पानावर हाताने मांडलेला हिशेबही होता. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सवयीने खाली पाहिलं. बाईंनी देवळात काढाव्या तशा चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

साहेबांना पाहायला काही उरलंच नाही. कागद एकदा उलटसुलट करून ते म्हणाले, "मला काही हे वाटत नाही."

बाई म्हणाल्या, "साहेब, काय कमी आहे तेवढं सांगा. मी घेऊन येते."

"कमी काही नाही हो, बाई," साहेब म्हणाले. अगदी सौजन्याने म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग कागद पिशवीत घालून, बाहेर येऊन चपला घालून गेल्या. फाईलवर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अर्जदार नवखी आहे.'

त्यांचं यंत्र चाललं असतं, असं माझं म्हणणं नाही. बंदही पडलं असतं, कांडपयंत्रं पडतात. पण 'जामीन कच्चा आहे' असं साहेब म्हणाले असते, तर बाईंनी पक्का आणला असता. 'हिशेब फुगवलेला आहे' म्हणाले असते, तर त्या तिथंच वही उघडून त्यांच्याशी भांडल्या असत्या, आणि माझ्या अंदाजाने जिंकल्या असत्या. कारण चुकीचं असलं तरी त्याच्याशी भांडता येतं. 'वाटत नाही'शी कसं भांडणार? त्याला ना कडी, ना कोयंडा. छगनबाप्पांनी आपल्या हिमतीवर ८० रुपये दिले, त्याचं कारण ते कुणाला देणं लागत नव्हते. साहेबांच्या खिशातलं त्यात काहीच नव्हतं. पैसे ठेवीदारांचे होते, घाम बाईंचा पडणार होता. साहेबांचं होतं ते फक्त वाटणं. अशा वेळी कारण ही साहेबांच्या मर्जीची गोष्ट राहत नाही. ती त्या बाईंच्या मालकीची वस्तू होती, आणि ती त्यांना न देता परत पाठवलं गेलं.

त्यात साहेब शिकणार तरी कसे? ज्यांना नाही म्हटलं ती माणसं परत येऊन "पाहा, माझं नीट चाललं आहे" असं सांगत नाहीत. ज्यांना हो म्हटलं त्यांची कर्जं थकायला तीन वर्षं लागत, आणि तिसऱ्या वर्षी साहेबांची बदली होई. थकलेली कर्जं नव्या साहेबांच्या टेबलावर येत. जुने साहेब नव्या गावात नव्या चपला पाहत असत. कलिंगड चिरलं जायच्या वेळी गाडीवाला दुसऱ्या गल्लीत. वीस वर्षं त्यांना 'कळत' राहिलं, ते असं.

आता असले साहेब उरले नाहीत. कर्ज मोबाईलवरही मिळतं, आणि चार मिनिटांत हो की नाही ते कळतं. यंत्र चपला पाहत नाही, जात विचारत नाही, बाई की बुवा पाहत नाही, असं मला मुलाने समजावून सांगितलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीखालचा इस्त्रीवाला वर आला. पोरगा मेहनती आहे. वाफेच्या इस्त्रीसाठी त्याने फोनवर अर्ज केला होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर तांबड्या अक्षरात एकच ओळ होती : तुमचा अर्ज या वेळी मंजूर होऊ शकत नाही. खाली एक हसरा चेहरा आणि 'धन्यवाद'.

"काका, तुम्ही बँकेत होतात ना?" तो म्हणाला. "यात काय कमी पडलं ते बघा की. मी आणून देतो."

मी चष्मा लावला. ती ओळ दोनदा वाचली. बोटाने वर सरकवली, खाली सरकवली. मग फोन उलटा करून पाहिला. मागे कंपनीचं नाव होतं आणि कॅमेऱ्याची तीन भिंगं.